आभासी स्मृती आणि तिच्या मर्यादा

ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या या अभ्यासशिबिरात संगणकाच्या कार्यप्रणालीविषयी मी बोलावे, अशी सूचना प्रथम आली तेव्हा मी ती नम्रपणे नाकारली होती. माझे शिक्षण मराठी साहित्याचे. पदव्युत्तर अभ्यासात मी ओव्यांच्या आणि अभंगांच्या मात्रा मोजल्या. संगणकाची स्मृती मोजण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तथापि गेली काही वर्षे शास्त्रीय ग्रंथांच्या मराठी अनुवादाचे काम माझ्याकडे येत राहिले, आणि एक गोष्ट अनुभवाने कळली. ज्या वाक्याचा अर्थ आपणांस उमगलेला नाही त्याचा अनुवाद करता येत नाही. केवळ शब्द बदलता येतात. त्यामुळे अनुवादासाठी का होईना, हा विषय मला मुळापासून शिकावा लागला. जे शिकले ते आपणांपुढे ठेवते. मी अभियंता नाही, ही माझी उणीव आहे. परंतु मला जे समजावून घ्यावे लागले तेच आपणांसही समजावून घ्यावे लागणार असल्यामुळे कदाचित ती उणीवच येथे उपयोगी पडेल.

आरंभी एक प्रसंग सांगते. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात मराठी मंडळींनी चालविलेले एक जुने ग्रंथालय आहे. तेथे जुन्या मासिकांची सूची संगणकावर चढविण्याचे काम चालू होते. एके सकाळी दोन कर्मचारी सूचीत नोंदी भरीत होते आणि त्याच संगणकावर, शेजारच्या खोलीतून, जुन्या अंकांच्या छायाप्रतींमधील अक्षरे ओळखण्याचे कामही सुरू केलेले होते. अकराच्या सुमारास सूचीची आज्ञावली एकाएकी बंद पडली. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू झाली; जपून ठेवलेल्या नोंदी सुखरूप होत्या, पण पडद्यावर अर्धवट भरलेले तक्ते गेले ते गेलेच. नोंदी भरणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी नोकरीवर नवीन होती. “तू काहीतरी भलतेच दाबले असशील,” असे तिला कोणीतरी म्हणाले. मग दुसरे कोणी म्हणाले. आणि दुपारपर्यंत तो जणू सिद्ध झालेला निष्कर्ष होऊन बसला. मुलगी रडकुंडीला आली होती. मी त्या दिवशी तेथे पाहुणी म्हणून गेले होते आणि मीही, सांगताना संकोच वाटतो, मनात तेच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी संगणकाची देखभाल करणारे गृहस्थ आले आणि त्यांनी कार्यप्रणालीची रोजनिशी उघडली. होय, संगणकही रोजनिशी लिहितो. तीत अकरा वाजण्याच्या सुमाराची एक नोंद होती. तिचा मराठी अर्थ असा: ‘स्मृती संपली, अमुक क्रमांकाची प्रक्रिया ठार केली.’ सूचीची आज्ञावली त्या मुलीने बंद केली नव्हती. ती स्वतः कार्यप्रणालीनेच, पूर्ण शुद्धीत आणि नियमाला धरून, बंद केली होती.

कार्यप्रणालीने असे का करावे? तिला तसा अधिकार कोणी दिला? आणि हे टाळण्यासाठी ज्या मर्यादा घालून ठेवता येतात त्या कोणत्या? आजचे व्याख्यान या तीन प्रश्नांच्या उत्तरासाठी आहे.

प्रथम दोन शब्दांचा विचार करू. पहिला शब्द कर्नल. मराठीत तो लिहिला की सैन्यातील अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. येथे अभिप्रेत असलेला शब्द निराळा आहे. फळातील गर, कवचाच्या आतील बी, असा त्याचा मूळ अर्थ. कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या भागाला हे नाव आहे. संगणकाची स्मृती, त्याचा प्रक्रियक, त्याच्या तबकड्या या सर्वांवर प्रत्यक्ष हुकमत चालते ती याच भागाची; इतर साऱ्या आज्ञावल्यांना जे हवे ते याच्याकडे मागावे लागते. मी त्याला ‘गाभा’ म्हणते. देवळाच्या गाभाऱ्यात जसा कोणालाही प्रवेश नसतो, तसाच सामान्य आज्ञावलीला या गाभ्यात नसतो.

दुसरा शब्द आभासी. ‘व्हर्च्युअल’ या शब्दासाठी तो आपल्याकडे रूढ झाला आहे, बहुधा प्रकाशशास्त्रातील आभासी प्रतिमेवरून. परंतु आभास म्हटले की मृगजळ आठवते. जे दिसते पण नसते ते. आभासी स्मृती तशी नाही. तीत ठेवलेले पुन्हा मिळते, त्यावर काम करता येते. रूपाने जरी ती मुख्य स्मृती नसली तरी कार्याने ती स्मृतीच आहे. तिला ‘कार्यतः स्मृती’ म्हणणे अधिक नेमके झाले असते. रूढ शब्द मोडण्याचा अधिकार अनुवादकाला नसतो, म्हणून मी तो मोडीत नाही. पण ऐकताना आपण हा अर्थ मनात ठेवावा.

ही कल्पना जन्मली ती टंचाईतून. संगणकाच्या प्रारंभीच्या काळात वेगवान स्मृती अत्यंत महाग आणि म्हणून अत्यंत थोडी असे. तिच्या जोडीला फिरत्या चुंबकी ढोलाची स्मृती असे. ती स्वस्त आणि मोठी, पण संथ. आज्ञावली मोठी असली की तिचे तुकडे पाडायचे, हवा तो तुकडा ढोलावरून वेगवान स्मृतीत आणायचा, काम झाले की तेथे दुसरा आणायचा, हा सारा खटाटोप आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागे. त्याचे निम्मे लक्ष गणितात आणि निम्मे सामान हलविण्यात जाई.

इंग्लंडमधील मॅन्चेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी फेरांटी कंपनीच्या साहाय्याने ॲटलस नावाचा संगणक बांधला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याची वेगवान स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि ढोलावर ९८,३०४ शब्द मावत. येथे शब्द म्हणजे संगणकाच्या मापाचा शब्द, ४८ द्विमान अंकांचा. किलबर्न यांच्या चमूने सर्व स्मृतीची ५१२ शब्दांची एक अशी पाने पाडली. म्हणजे वेगवान स्मृतीत एका वेळी ३२ पाने राहत. आज्ञावलीने कोणत्याही पानावरील पत्ता मागावा. ते पान वेगवान स्मृतीत असले तर तत्काळ मिळे, नसले तर यंत्र आपण होऊन काम क्षणभर थांबवी, ढोलावरून ते पान आणी, गरज पडल्यास दुसरे एखादे पान परत ढोलावर ठेवी आणि थांबलेले काम पुढे चालू करी. आज्ञावली लिहिणाऱ्याला दोन निराळ्या स्मृती दिसेनाशा झाल्या. त्याला एकच सलग स्मृती दिसू लागली. म्हणूनच त्या मंडळींनी या योजनेला एकस्तरीय संचय असे नाव दिले होते.

आपण ग्रंथालयातील माणसे आहोत, म्हणून हे चित्र आपल्याच घरातले आहे. वाचनकक्षातील टेबल लहान असते, मागचे कोठार मोठे. वाचकाला कोठार दिसत नाही. तो चिठ्ठी देतो आणि पुस्तक टेबलावर येते. टेबल भरले की सेवक एखादे न वाचले जाणारे पुस्तक उचलून परत नेतो. आजच्या बहुतेक संगणकांत पान ४,०९६ बाइटांचे असते, ढोलाची जागा तबकडीने आणि आता घनस्थिती संचयाने घेतली आहे. परंतु टेबल, चिठ्ठी आणि कोठार यांची मूळ व्यवस्था ॲटलसच्या काळी होती तीच आहे. तबकडीवरील त्या राखून ठेवलेल्या कोठाराला व्यवहारात स्वॅप म्हणतात.

आता या सोयीची किंमत पाहू. मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट आणण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू, आणि फिरत्या तबकडीवरून आणण्यास सुमारे १० मिलिसेकंद. हे प्रमाण एकास एक लक्ष आहे. टेबलावरचे पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागत असेल, तर कोठारातले येण्यास सत्तावीस तासांहून अधिक लागतील. घनस्थिती संचय वेगवान असला तरी तेथेही अंतर साधारण हजारपटीचे आहे. म्हणजे त्याच हिशेबाने सुमारे सतरा मिनिटे. हजार मागण्यांपैकी केवळ एकीसाठी फिरत्या तबकडीकडे जावे लागले, तरी सरासरी वेळ शंभरपट वाढतो. ‘हजारात एक’ ऐकताना क्षुल्लक वाटते. ते मुळीच क्षुल्लक नाही.

याचा अनुभव १९६० नंतरच्या दशकात अनेकांनी घेतला. एका संगणकावर अनेकांची कामे एकाच वेळी चालवू लागल्यावर असे दिसले की कामांची संख्या वाढविता वाढविता एका टप्प्यावर संगणकाचा वेग एकदम कोसळतो. प्रत्येक काम दुसऱ्याचे पान बाहेर घालवून आपले आत आणते. क्षणात दुसरे तेच करते. सेवक कोठाराच्या वाटेवर धावत असतो आणि वाचन कोणाचेच होत नाही. या स्थितीला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. नुसती झोडपणी, दाणा काही पदरात पडत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत तिची मीमांसा केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कोणतीही आज्ञावली आपल्या सर्व पानांवर सारखीच रेंगाळत नाही. एखाद्या कालखंडात ती मोजक्याच पानांकडे पुन्हा पुन्हा वळते. हा तिचा त्या वेळचा चालू संच. हा संच मुख्य स्मृतीत मावत असेल तरच त्या आज्ञावलीला चालू द्यावे. मावत नसेल तर तिला थांबवून ठेवणे हेच सर्वांच्या हिताचे. मर्यादा ही कृपणपणाची खूण नसून काम होण्याची पूर्वअट आहे, हा विचार येथून दृढ झाला.

परंतु ग्रंथालयातील त्या प्रसंगाचे मूळ आणखी एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगी आहे. ती म्हणजे वचन.

त्या ग्रंथालयाच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा लिहावयास घेतला. न लागणारी पाने तबकडीवर ठेवण्याची सोय १९९२ च्या जानेवारीतील ०.१२ या आवृत्तीत आली. आज ॲन्ड्रॉइड भ्रमणध्वनीपासून मोठमोठ्या संगणककेंद्रांपर्यंत हाच गाभा काम करतो. त्याची एक रीत अशी आहे. आज्ञावलीने एक गिगाबाइट स्मृती मागितली, तर गाभा ‘दिली’ असे म्हणतो. पण त्या क्षणी तो एकही पान देत नाही. आज्ञावली ज्या पानावर पहिल्यांदा काही लिहू लागेल तेच पान, आणि तेव्हाच, तो प्रत्यक्ष पुरवितो. पुष्कळ आज्ञावल्या मागतात फार आणि वापरतात थोडे. त्यामुळे हाती असलेल्यापेक्षा अधिक स्मृतीची वचने देऊनही गाभ्याचे सहसा निभावते. पाचशे जणांना जेवणाचे आमंत्रण द्यावे आणि चारशे पाने वाढण्याची तयारी ठेवावी, तशातला हा प्रकार. अनुभवी यजमान असेच करतो आणि बहुधा त्याची फजिती होत नाही.

बहुधा. पण एखाद्या दिवशी पाचशेही जण येतात. आणि येथे अडचण अशी की गाभ्याने वचन देऊन टाकलेले असते. आज्ञावली पानावर लिहू लागलेली असते. त्या क्षणी ‘नाही’ म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते. मग गाभा प्रथम जी पाने पुन्हा तबकडीवरून आणता येतील ती सोडतो, काही पाने स्वॅपमध्ये ढकलतो. तेवढ्याने भागले नाही तर तो शेवटचा उपाय करतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेला तो एक गुणांक देतो. मुख्यतः ती किती स्मृती अडवून बसली आहे त्यावरून हा गुणांक ठरतो. सर्वाधिक गुणांक जिचा, तिला तो ठार करतो. पंक्तीत सर्वांत मोठे पान ज्याचे त्याला उठवावे, असा हा न्याय आहे.

त्या सकाळी नेमके हेच घडले. त्या संगणकाची मुख्य स्मृती ८ गिगाबाइट आणि स्वॅप २ गिगाबाइट होते. अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीने आपले काम सहा प्रक्रियांत वाटून घेतले होते. सहाही मिळून स्मृती त्यांनीच संपविली; पण एकेकट्या पाहता त्यांतील प्रत्येक प्रक्रिया सूचीच्या आज्ञावलीपेक्षा लहान होती. गाभ्याने एकेक प्रक्रिया तोलली, समूह तोलला नाही, आणि टंचाईशी जिचा फारसा संबंध नव्हता त्या सूचीला दंड केला. मग माणसांनीही तेच केले. समोर जी दिसली तिला दोष दिला.

मग मर्यादा कोणत्या घालता येतात? त्या निरनिराळ्या पातळ्यांवर आहेत आणि त्यांतील भेद लक्षात न घेता एखादा आकडा बदलणे हे औषधाची बाटली न वाचता डोस घेण्यासारखे आहे.

पहिली मर्यादा वचनांवरची. लिनक्सच्या गाभ्यात ‘ओव्हरकमिट’ या नावाची एक कळ आहे आणि तिला तीन स्थाने आहेत. शून्य हे मूळचे स्थान: उघडउघड अवास्तव मागणी तेवढी नाकारावी, बाकी मान्य करावी. एक: कोणतीही मागणी नाकारू नये. दोन: हिशेब ठेवावा आणि ठरलेल्या एकूण मर्यादेपुढे वचन देऊ नये. या तिसऱ्या स्थानी मर्यादा कशी निघते? संपूर्ण स्वॅप, अधिक मुख्य स्मृतीचा ठराविक टक्के भाग. हा भाग मूळचा ५० टक्के ठेवलेला असतो. त्या ग्रंथालयाच्या संगणकाला हे लावले तर ४ अधिक २, म्हणजे ६ गिगाबाइट. भाग ८० टक्के केला तर ६.४ अधिक २, म्हणजे ८.४ गिगाबाइट. एकूण मर्यादा किती आणि आजवर दिलेली वचने किती, हे दोन्ही आकडे गाभा केव्हाही पाहू देतो.

यांतील योग्य स्थान कोणते, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही आणि याचे उत्तम उदाहरण दोन प्रसिद्ध आज्ञावल्यांत मिळते. माहितीसंचयासाठी वापरली जाणारी पोस्टग्रेस-क्यूएल ही आज्ञावली आपल्या मार्गदर्शिकेत सांगते की कळ दोनवर ठेवावी. कारण उघड आहे: तिची प्रमुख प्रक्रिया अचानक ठार होण्यापेक्षा एखादी मागणी वेळीच नाकारली गेलेली तिला परवडते. उलट रेडिस नावाची दुसरी आज्ञावली कळ एकवर ठेवा असे सुचविते. ती सारी माहिती मुख्य स्मृतीत ठेवते आणि अधूनमधून तिची प्रत तबकडीवर उतरविण्यासाठी स्वतःचीच एक प्रतिकृती निर्माण करते. या प्रतिकृतीला खरोखर वेगळी पाने मिळत नाहीत. दोघीही तीच पाने वाचतात आणि कोणी एकीने लिहिले तरच त्या पानाची निराळी नक्कल होते. परंतु काटेकोर हिशेबनीस हे पाहत नाही. १० गिगाबाइट वापरणारीची प्रतिकृती म्हणजे आणखी १० गिगाबाइटचे वचन, असे तो धरतो आणि १६ गिगाबाइटच्या संगणकावर ते नाकारू शकतो. दोघींचाही सल्ला आपापल्या जागी बरोबर आहे. दुसऱ्याच्या घरचा आकडा उतरवून घेण्यापूर्वी त्या घरात काय शिजते ते पाहावे, एवढाच याचा अर्थ.

काटेकोर हिशेबाची उणीवही सांगितली पाहिजे. त्यात अनेकदा स्मृती रिकामी असूनही नकार मिळतो. शिवाय नकार मिळाल्यावर सभ्यपणे माघार घेण्याची सवय सर्वच आज्ञावल्यांना नसते. काही त्या नकारानेच कोसळतात. तरीही मागतेवेळी मिळालेला नकार आणि भर कामात झालेला वध यांत अंतर आहे. पहिल्यात निदान कोणाला नकार मिळाला हे मागणाऱ्याला कळते.

दुसरी मर्यादा एकेका प्रक्रियेच्या पत्त्यांवरची. अमुक प्रक्रियेला अमुक इतक्याच आभासी पत्त्यांचा विस्तार करता येईल, असे ठरविता येते. परंतु ही मर्यादा मागणीवर आहे, वापरावर नाही. आजच्या पुष्कळ आज्ञावल्या पत्त्यांचा मोठा पट्टा राखून ठेवतात आणि त्यातला थोडासाच वापरतात; त्यांना ही मर्यादा लावली की त्या विनाकारण अडतात. शिवाय सहा प्रक्रियांपैकी प्रत्येक जण मर्यादेत राहूनही सहाजण मिळून घर रिकामे करू शकतात, हे आपण पाहिलेच.

तिसरी मर्यादा समूहावरची आणि तीच आपल्या प्रसंगाला खरी लागू पडते. एका कामाच्या सर्व प्रक्रियांचा गट करून त्या गटाच्या एकत्रित स्मृतीला कुंपण घालण्याची सोय २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्या मूळ संहितेच्या शिरोभागी बलबीर सिंग आणि पावेल एमेल्यानॉव्ह ही नावे आहेत. या सोयीच्या आजच्या रूपात कुंपणे दोन आहेत. एक उंच रेघ. ती ओलांडली की गटाचा वेग कमी केला जातो आणि त्याची पाने परत घेण्याचा तगादा लागतो. दुसरी अंतिम रेघ. ती ओलांडू दिली जात नाही आणि पाने परत मिळाली नाहीत तर त्या गटातल्याच प्रक्रियेला जावे लागते. शेजाऱ्याला झळ लागत नाही.

यांच्या जोडीला दोन लहान कळा आहेत. एक गुणांकाची: उणे १,००० ते अधिक १,००० यांमधील आकडा देऊन एखाद्या प्रक्रियेला वधापासून दूर किंवा जवळ नेता येते, उणे १,००० म्हणजे पूर्ण अभय. दुसरी ‘स्वॅपीनेस’ची. तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. तिचा मूळ आकडा ६०. म्हणून अनेकांना वाटते की अमुक टक्के स्मृती भरली की स्वॅप सुरू होते. तसे मुळीच नाही. पाने परत घेण्याची वेळ आली असता ती आज्ञावल्यांच्या खाजगी पानांतून किती आणि फायलींच्या जपलेल्या नकलांतून किती घ्यावीत, यांतील झुकते माप म्हणजे हा आकडा. पूर्वी तो १०० पर्यंत जाई; २०२० मध्ये निघालेल्या ५.८ आवृत्तीपासून २०० पर्यंत देता येतो, कारण वेगवान संचय आल्यामुळे स्वॅपकडे झुकणे काही ठिकाणी फायद्याचे ठरू लागले.

त्या ग्रंथालयात पुढे काय केले ते सांगते. अक्षरे ओळखण्याच्या कामाचा गट करून त्याला ३ गिगाबाइटवर उंच रेघ आणि साडेतीनवर अंतिम रेघ घातली. त्याच्या सहा प्रक्रियांच्या दोनच केल्या. सूचीच्या प्रमुख प्रक्रियेला अभय दिले. वचनांची कळ मात्र लगेच फिरविली नाही. आठवडाभर रोज दिलेल्या वचनांचा आकडा एका वहीत उतरविला आणि तो मर्यादेजवळ जात नाही असे पाहिल्यावर मूळ स्थान कायम ठेवले. अक्षरे ओळखण्याचे काम आता संथ चालते. सूची अखंड चालते. आणि हे सर्व ठरविताना त्या वहीतले आकडे लिहिण्याचे काम त्या नव्या मुलीकडे दिले होते. मला वाटते, तिची क्षमा मागण्याची ती त्या मंडळींची रीत होती. मी मात्र तिची वेगळी क्षमा मागितली.

मित्रहो, या विषयाचा अनुवाद करताना ‘कमिट’ या शब्दासाठी मी बराच काळ ‘बांधणी’, ‘नियतन’ असे शब्द लिहून खोडीत होते. त्या प्रसंगानंतर मी ‘वचन’ लिहिले आणि तेच ठेवले. यंत्राने वचन द्यावे यात दोष नाही. हाती आहे त्याहून थोडे अधिक वचन दिल्यामुळेच पुष्कळ कामे होतात. प्रश्न इतकाच असतो की वचन पुरे पडले नाही तर किंमत कोणी द्यायची. ते कोणीतरी आधी, शांतपणे, हिशेब करून ठरवावे लागते. ठरविले नाही तर ऐन वेळी गाभा ठरवितो, आणि तो फक्त आकार पाहतो.

आपल्या ग्रंथालयांत आज संगणक आहेत. त्यांची देखभाल करणारे लोक बाहेरून येतात आणि जातात. आपण सर्वांनी अभियंते व्हावे असे माझे म्हणणे नाही. परंतु एखादे काम अचानक बंद पडले, तर दोष देण्यापूर्वी रोजनिशी उघडून दाखविण्यास सांगावे, आणि आपल्या संगणकावर कोणत्या कामाला किती मर्यादा घातली आहे हे एका कागदावर लिहून घ्यावे. तो कागद दाखलनोंदीच्या वहीशेजारी ठेवावा. इतके केले तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.